लीजन म्हणजे बिघडलेली जागा

डॉ. मंदाकिनी पुराणिक यांना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोरे. अमरावतीच्या कॅम्प भागातल्या त्यांच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मी नोकरीच्या चौकशीसाठी गेले होते. मॅडम खिडकीशी मायक्रोस्कोपवर वाकलेल्या होत्या. बाहेर कडुनिंबाची पाने झडत होती आणि त्यांच्या सावल्या मॅडमच्या पांढऱ्या कोटावरून हळूहळू खाली सरकत होत्या. मी आल्याचा निरोप आत गेला होता, तरी त्या बराच वेळ हलल्या नाहीत. मलाही अवघडल्यासारखे झाले नाही. त्या खोलीत वेळ जरा सावकाश चालतो, हे मला पुढे कळले. त्या दिवशी ते नुसते जाणवले.

मग त्या उठल्या, आपली खुर्ची मला दिली आणि म्हणाल्या, "पाहा बरं."

काचेवर कुणाच्या तरी त्वचेचा पातळ काप होता. गुलाबी पसरट रान, त्यात जांभळ्या ठिपक्यांची गर्दी. मी नुकतीच एम. डी. होऊन आले होते, आत्मविश्वासाची कमतरता नव्हती. म्हटले, "लीजन आहे, मॅडम."

"दारावर कोणीतरी आलं आहे, असं सांगितलंत तुम्ही," त्या शांतपणे म्हणाल्या. "कोण आलं आहे, ते सांगा."

त्या दिवशी मला नोकरी मिळाली आणि एका शब्दाचा अर्थही मिळाला. मॅडमनी चहा मागवला आणि सांगितले, की या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ साधा आहे, इजा. वैद्यकात शरीरातला एखादा भाग नेहमीसारखा राहिलेला नसला, की त्याला लीजन म्हणतात. तोंड आले की गालाच्या आत उठतो तो फोडही लीजनच. तव्याचा चटका बसलेले बोट, फुप्फुसातला क्षयाचा चट्टा आणि कर्करोगाची गाठ, सगळे त्याच नावाखाली येते. "हा शब्द जागा दाखवतो, कारण सांगत नाही," त्या म्हणाल्या. "आपण तो कारण सांगितल्यासारखा वापरतो, आणि ऐकणारा वाईटात वाईट कारण धरून घरी जातो."

शब्दांबद्दलचा हा काटेकोरपणा त्यांच्यात वडिलांकडून आला. पुराणिक गुरुजी जुन्या अमरावतीत पौरोहित्य करीत. पूजा सांगताना यजमानाने नुसतीच मान डोलावलेली त्यांना खपत नसे. संकल्पाचा अर्थ मराठीत सांगून झाल्याशिवाय ते पुढे जात नसत. त्यामुळे त्यांच्या पूजा लांबत आणि काही यजमान दुसरे गुरुजी शोधत. मॅडम हे हसत हसत सांगतात. त्यांच्याही प्रयोगशाळेत रिपोर्ट न्यायला आलेला माणूस लवकर सुटत नसे. त्याला समोर बसवून, कागदावरचा एकेक शब्द बोट ठेवून समजावला जाई. बाहेर बाकांवर लोक ताटकळत, कुरकुरत. पण आपली पाळी आली की तेही तितकाच वेळ बसत.

मी तिथे होते ती वर्षे आठवू लागले, की घटना आधी आठवत नाहीत, रंग आठवतात. सकाळचे कोवळे ऊन, रंगद्रव्यांच्या बाटल्या, काचांवर वाळत चाललेला जांभळा. एकेका काचेवर एकेक अनोळखी माणूस. मॅडम एखादी काच पाहता पाहता मध्येच मान वर करून खिडकीबाहेर बघत राहत. पहिल्यांदा मला वाटले, त्या थकल्या असाव्यात. एकदा मी विचारलेही. त्या म्हणाल्या, "ही बाई या घडीला कुठं असेल, असं मनात आलं. पोळ्या करत असेल कदाचित. तिला अजून काही माहीत नाही, आणि मला माहीत आहे." मग त्यांनी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्यानंतर मीही तशी खिडकीबाहेर पाहू लागले.

त्यांच्या कामाविषयी, मूल्यांविषयी त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतर जण अधिकाराने लिहितीलच. मी मात्र एका रविवारची हकीकत सविस्तर सांगणार आहे, कारण त्या दिवशी मॅडम मला खऱ्या अर्थाने कळल्या.

तिवशाजवळच्या एका गावात महादेवराव चर्जन नावाचे शेतकरी राहत. पिढीजात फुलांची शेती. गुलाब, झेंडू, शेवंती असे त्यांचे वाफे असत आणि पहाटे तोडलेली फुले अमरावतीच्या बाजारात येत. त्यांची पाठ कित्येक महिने दुखत होती. मग पायांत मुंग्या येऊ लागल्या, चालताना पाय अडखळू लागले. अमरावतीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय करून घेतला. अहवालात ‘लीजन’ हा शब्द होता. डॉक्टरांनी सांगितले, सुईने मणक्यातला छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. तो तुकडा आमच्याकडे यायचा होता. रक्ताच्या तपासण्या आमच्याकडेच झाल्या होत्या, त्यामुळे माणूस आम्हाला ठाऊक होता: उंच, सडपातळ, कमी बोलणारा. जाताना टेबलावर गुलाबांची जुडी ठेवून गेला होता.

ठरलेल्या दिवशी तुकडा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला: पेशंट आलाच नाही, मुलगा म्हणतो आम्हाला काही करायचे नाही. मॅडमनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "रविवारी मोकळ्या आहात का? तिवशाकडे जाऊन येऊ."

मला हे जरा जास्तच वाटले होते. रोग्यामागे पॅथॉलॉजिस्टने जावे, असे मी कुठे पाहिले नव्हते. पण मॅडमना घाई होती आणि ती घाई का, हे त्यांनी गाडीत सांगितले. मणक्यातले ते जे काही होते, ते मज्जारज्जूला दाबू लागले होते. कारण कळून वेळेत उपचार सुरू झाले नाहीत, तर महादेवरावांचे पाय कायमचे जाणार होते.

हिवाळ्याची सकाळ होती. नागपूर रस्त्यावर धुके इतके दाट, की पुढची वाहने जवळ आल्यावरच दिसत. दोन्हीकडे तुरीची शेते पिवळी फुललेली असावीत. दिसत नव्हती, नुसता पिवळसरपणा धुक्यात मिसळलेला होता. गाव आले तेव्हा ऊन नुकते फुटत होते आणि वाफ्यांवरचे दव उठत होते. फुलांच्या त्या वासात आपण कशासाठी आलो आहोत, हे क्षणभर मी विसरले.

महादेवराव अंगणात खाटेवर पडून होते. त्यांच्या पत्नी इंदूबाई आम्हाला पाहून गोंधळल्या. मुलगा गजानन वाफ्यातून हात पुसत आला. त्याचे लग्न ठरले होते आणि वडिलांच्या देखत व्हावे म्हणून तारीख अलीकडे ओढली होती. ‘देखत’ म्हणताना त्याने खाटेकडे पाठ केली. इंदूबाई आत वळल्या.

"कोणी सांगतलं तुमाले, का हे जाऊन राहिले म्हणून?" मॅडमनी विचारले. पेशंटशी त्या नेहमी वऱ्हाडीतच बोलत.

"कोणाले विचाराची गरजच नाई पडली," गजानन म्हणाला. "मोबाइलवर टाकला थो शब्द. लीजन. सारं कॅन्सरचंच निंगालं."

"अन् सुईले काहून नाई म्हणता?"

"सुई लावली का पसरते म्हणते. आमच्या मावशीचं तसंच झालं."

मॅडम खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. समोरच गुलाबाचे झाड होते. त्यांनी काळे ठिपके पडलेले एक पान तोडून महादेवरावांपुढे धरले. "हे काहून झालं, भाऊ?"

"बुरशी असन," ते पडल्या पडल्या म्हणाले. "नाई त फवारा जास्त झाला असन. पाह्यलं पाह्यजे."

"तेच मी म्हणतो. तुमच्या मणक्यात डाग दिसला. कायचा हाय, थे पाह्यलं पाह्यजे. लीजन म्हणजे एवढंच."

मला वाटले, जमले. इतके सोपे करून सांगितल्यावर कोणालाही पटेल. पण महादेवरावांनी ते पान हातात घेतले, उलटे-सुलटे पाहिले आणि खाली टाकले. म्हणाले, "बाई, पान खराब निंगालं त तोडून फेकता येते. मणका कोठी फेकू?"

मॅडमनी ते पान उचलून बाजूला ठेवले. इंदूबाईंनी चहा आणला. आम्ही तो घेतला. वाफ्यांवर मधमाश्या आल्या होत्या, त्यांची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. आता उठावे आणि निघावे, असे मला वाटू लागले. तेवढ्यात इंदूबाईंनीच विचारले, "डॉक्टरीनबाई, तुमीच सांगा. तुमच्या घरचं कोणी असतं त तुमी काय केलं असतं?"

मॅडमनी कप खाली ठेवला.

"घरचं कोणी कायले," त्या म्हणाल्या. "मलेच झालतं."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"छातीत. आंघोळ करता करता हाताले लागलं. तपासणीच्या कागदावर तोच शब्द होता, लीजन. मी या शब्दाचा अर्थ पोरायले शिकवतो, इंदूबाई. कागद हातात घेतला अन् मी सारं इसरली. मलेबी एकच अर्थ दिसला. आठ-पंधरा दिवस मी कोणालेच काही सांगतलं नाई. कामावर जाव, लोकायच्या काचा पाहाव, घरी येऊन झोपाव."

"मंग?" इंदूबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या.

"मंग सुई लावून घेतली. दुसऱ्या डॉक्टरनं काच पाह्यली, मंग मी पाह्यली."

"सादं निंगालं?"

"नाई," मॅडम म्हणाल्या. "कॅन्सरच निंगाला."

महादेवराव हातावर जोर देऊन थोडे उठून बसले.

"ऑपरेशन केलं, औषधी घेतल्या. केस गेले, मंग आले. याले लय वर्सं झाली. आता तुमच्या अंगनात बसून चहा पिऊन राहिली." त्या महादेवरावांकडे वळल्या. "तुमचं काय निंगन, थे मले मालूम नाई, भाऊ. चांगलंच निंगन, असं मी खोटं नाई बोलनार. पन नाव कळलं त त्याच्यावर काही करता येते. नाव नाई कळलं त नुसतं भेव राहते. अन् पसराचं म्हणान, त ह्या सुईनं तुमचं दुखनं वाढन, असं भेव मनात नका ठेवू. न पाहता ठेवलं, त मातर पाय जाईन."

महादेवराव बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मला अजून तो चेहरा दिसतो. उन्हात डोळे बारीक झालेले, दाढी वाढलेली. मग त्यांनी बायकोला नव्हे, मुलाला नव्हे, मॅडमनाच विचारले, "तवा तुमच्यासंगं कोण होतं?"

"माहे बाबा होते. म्हातारे झालते. माह्या उशाशी बसून राहत."

"मंत्र म्हणत?"

"नाई. काहीच नाई म्हणत. नुसते बसत."

महादेवरावांनी मान हलवली. "गज्या," ते म्हणाले, "उद्या मले अमरावतीले घेऊन चाल."

परतताना धुके पूर्ण निवळले होते. इतकी वर्षे मी त्यांच्या शेजारी बसून काम करीत होते आणि मला हे ठाऊक नव्हते. बडनेऱ्याकडे जाणाऱ्या फाट्याजवळ त्याच म्हणाल्या, "तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. तसं कारण पडलं नाही." आणि मग, खिडकीबाहेर पाहत, "पानाचं उदाहरण फार हुशारीचं झालं. आजाऱ्यापुढे इतकी हुशारी बरी नाही."

महादेवरावांचा तुकडा आमच्याकडे आला. मॅडमनी काच आधी मला पाहायला दिली. मी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि खुर्ची मॅडमना दिली. तो क्षय होता, मणक्याचा क्षय. औषधाने बरा होणारा. मॅडमनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि चष्मा काढून पुसला. मग फोन लावायला उठल्या. हा निकाल त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगू दिला नाही.

उपचार लांबले. वर्षभराहून अधिक काळ गोळ्या आणि कमरेला पट्टा. गजाननचे लग्न मुळात ठरले होते त्याच तारखेला झाले. महादेवराव मांडवात खुर्चीवर बसून होते. आता ते चालतात. डावा पाय थोडा ओढतात, पण फुलांच्या वाफ्यात त्याने काही अडत नाही, असे तेच म्हणतात.

त्यानंतर मॅडमनी एक काम हाती घेतले आणि ते आमच्या भागात आजही चालू आहे. ‘लीजन’ला रोग्यापुढे उच्चारता येईल असा मराठी शब्द हवा, असे त्यांच्या मनाने घेतले. अमरावतीच्या डॉक्टरांची एक बैठक त्यांनी आपल्या घरी बोलावली. आलू-वांग्याची भाजी, रोडगे आणि शब्द, असा बेत होता. एक जण म्हणाले ‘व्रण’. मॅडम म्हणाल्या, व्रण म्हटले की लोकांना वाहती जखम किंवा जुनी खूण दिसते. ‘क्षत’ कोणाला कळणार नाही. ‘डाग’ म्हटले तर आपल्याकडे लोक कोड आणि कुष्ठ यांच्यापाशी जाऊन थांबतात; तिवशाला आपण तो वापरला ते चुकलेच, असेही त्यांनी सांगून टाकले. ‘गाठ’ म्हटले की संपलेच. ‘विकृती’ हा शब्द एका सर्जननी सुचवला, तेव्हा मॅडमनी त्यांच्या ताटात आणखी एक रोडगा वाढला आणि म्हणाल्या, "हे खा, मग आपल्या आईला तुझ्या पोटात विकृती आहे असं म्हणून पाहा." सर्जन हसले आणि त्यांनी शब्द मागे घेतला.

शेवटी त्यांनीच सांगितले: ‘बिघडलेली जागा’. कोणाला तो फारसा शास्त्रीय वाटला नाही. मॅडम म्हणाल्या, नसू दे. बिघडले आहे, यात खरे काय ते येते. आणि बिघडलेले दुरुस्तही होऊ शकते, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. अहवालावर इंग्रजी शब्द राहू द्यावा, कारण तो डॉक्टरांसाठी आहे. पण तो हातात देताना तोंडाने एक वाक्य बोलावेच: ‘इथली जागा बिघडलेली दिसते, कशाने, ते अजून कळलेले नाही, तपासून कळेल.’ आज अमरावतीत, अकोल्यात आमच्या कितीतरी सहकाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य आहे. ते कोणाचे, हे तरुणांना ठाऊकही नाही. मॅडमना त्याचे काही वाटत नाही.

मी अकोल्याला स्वतःची प्रयोगशाळा काढली, तेव्हा मॅडमनी उद्घाटन करावे अशी माझी इच्छा होती. त्यांनी फीत कापायला नकार दिला. पण सकाळच्या गाडीने त्या अकोल्याला आल्या, स्टेशनवरून ऑटोने थेट माझ्या दारात, हातात घरून आणलेली कढी-खिचडी. पाहुणे येऊन गेले, पेढे वाटून झाले, आणि मॅडम आतल्या खोलीत माझ्या नव्या मायक्रोस्कोपवर बसून माझ्या पहिल्या काचा पाहत होत्या. एका काचेबद्दल माझे मत पक्के होत नव्हते. मी विचारले, तर म्हणाल्या, "मला वाटतं तुमचं बरोबर आहे. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, नागपूरला पाठवा. खात्री नसली की खात्री नाही असं लिहावं. त्यात कमीपणा नाही." संध्याकाळी मी त्यांना सोडायला गेले. फलाटावर आम्ही बाकावर बसलो होतो. गाडी उशिरा होती. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि गाडी येईपर्यंत काही न बोलता तसाच ठेवला. एकटीने काम सुरू करण्याची जी धास्ती मी आठवडाभर कोणाला दाखवली नव्हती, ती त्यांना दिसली असावी.

यंदा मॅडमनी पंचाहत्तरी गाठली. प्रयोगशाळा त्यांनी आता विद्यार्थ्यांकडे सोपवली आहे. एका डोळ्याने नीट दिसत नाही. त्या डोळ्याच्या पडद्यावरही एक बिघडलेली जागा निघाली आहे, आणि ती आहे तशीच राहणार, हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नसते. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही जणी त्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो होतो. सकाळी दरीच्या काठावर गेलो तर समोर काहीच नव्हते, नुसते धुके. दरी नाही, डोंगर नाही, जवळचे कठडेही अर्धवट. दृश्य पाहायला आलेली मंडळी हिरमुसून चहाच्या टपरीकडे वळली. मॅडम मात्र शाल घेऊन बाकावर बसल्या. मी बाजूला बसले. धुके आमच्या अंगावरून जात होते, केसांवर बारीक दव साचत होते. कुठेतरी खाली गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"थंडी वाजत नाही ना, मॅडम?" मी विचारले.

"नाही," त्या म्हणाल्या. "फार बरं वाटतं आहे. जन्मभर बारीक पाहायचं काम केलं. आता समोर काही दिसत नाही आणि कोणी विचारतही नाही, काय दिसतं म्हणून."

ऊन येईपर्यंत आम्ही तशाच बसलो.

मॅडमना उदंड आणि निरामय आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. अशा पुष्कळ सकाळी त्यांच्या वाट्याला याव्यात. शाल अंगावर असावी, प्रकृती ठणठणीत असावी, शेजारी त्यांच्यावर माया करणारे कोणीतरी असावे, आणि समोरच्या धुक्यात त्यांना काहीही ओळखायचे नसावे.